वारके बाईंचा चुकांचा तास

माझ्या नोकरीची सुरुवात वारके बाईंना त्यांच्याच वर्गातून बाहेर काढण्यानं झाली.

शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो त्या दिवसाची गोष्ट. धुळ्याहून नवा शर्ट शिवून आणला होता, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. शाळा असोद्याच्या पुढं, केळीच्या बागांत अर्धी बुडालेली. (गावाचं नाव सांगत नाही. संस्थेचे अध्यक्ष अजून तेच आहेत आणि माझी नोकरीही अजून तिथंच आहे.) मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, फर्मावलं, "नववी ब मधून गलका येतोय, जरा बघून या." गेलो. बघतो तर फळ्यापाशी एक दोन वेण्यांची मुलगी गणित सोडवतेय, शिक्षकाच्या खुर्चीत एक पोरगा मांडी घालून बसलाय, सगळा वर्ग एकाच वेळी बोलतोय, आणि शेवटच्या बाकावर दोन पोरांच्या मधे सुती साडीतल्या एक पोक्त बाई केळं सोलत बसल्यात.

कुणाची तरी आई असणार. मी लाल पेन नीट केलं आणि म्हणालो, "मावशी, पालकसभा शनिवारी शे. आत्ता वर्ग चालू शे. बाहेर थांबा."

घाबरलो की माझ्या तोंडून घरचं अहिराणी 'शे' बाहेर पडतं. इकडे जळगावच्या पूर्वेला त्याचं फार कौतुक होतं. पोरं पुढं महिनाभर एकमेकांना "डबा कुठे शे?" विचारत होती.

बाई उठल्या. "बरं सर," म्हणाल्या आणि खरोखरच व्हरांड्यात जाऊन खांबाला टेकून उभ्या राहिल्या, उरलेलं केळं खात. मग खुर्चीतला पोरगा हळूच म्हणाला, "सर, त्या आमच्या गणिताच्या बाई आहेत ना बा."

मी बाहेर धावलो. हात जोडले. काय बोललो ते आठवत नाही, पण त्यात 'शे' बरेच होते.

"कुठले?" बाईंनी विचारलं.

"धुळ्याचा."

"वाटलंच. या धुळेकर, आत या. आता आलाच आहात तर शेवटच्या बाकावर जागा आहे."

त्या दिवसापासून मी 'धुळेकर' झालो. माझं आडनाव काय आहे हे शाळेत आता फक्त पगारपत्रकाला माहीत आहे.

खुर्चीचा उलगडा मला पहिल्या शनिवारी झाला. शनिवारी शाळा सकाळची. नववी ब चा शेवटचा तास बाईंचा, आणि त्या तासाला पाठ्यपुस्तक बंद. तो चुकांचा तास. आठवडाभरात केलेली आपली सगळ्यात आवडती चूक घेऊन यायची, फळ्यावर जशीच्या तशी मांडायची, आणि वर्गानं शोधायचं की असं कसं झालं असेल. उत्तर काय यायला हवं होतं हे सांगणाऱ्याला बाई खाली बसवायच्या. "ते पुस्तकाच्या मागं छापलंय. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांग. काहीतरी बरोबरच चाललं असणार, उगाच कोणी चुकत नाही." ज्याची चूक सगळ्यात झकास त्याला सोमवारी बाईंची खुर्ची. बाई त्या दिवशी त्याच्या जागेवर.

आमच्या शिक्षककक्षात या प्रकाराबद्दल फारसं प्रेम नव्हतं. विज्ञानाचे सर म्हणायचे, "आपण पोरांच्या चुका काढतो, या चुकांना हार घालतात." बाई ऐकायच्या आणि बशीत चहा ओतायच्या. त्यांना वाद घालायचा कंटाळा होता. लाल पेन त्यांच्याकडे नव्हतंच. तपासायच्या पेन्सिलीनं, आणि चुकलेल्या ओळीपाशी समासात फक्त एक प्रश्नचिन्ह. पोरं सांगायची, फुलीपेक्षा ते प्रश्नचिन्ह जास्त त्रास देतं. फुली मारली की विषय संपतो. थंडीत वर्गाची भरीत पार्टी कुणाच्या तरी मळ्यात व्हायची, तिथं मात्र गणित बंद. एकदा एका पोरानं वांगी मोजून माणशी किती येतील ते सांगायला सुरुवात केली तर बाई म्हणाल्या, "काड्या आण आधी. वांगं भाजताना हिशेब करणाऱ्याचं भरीत कच्चं राहतं." त्या दिवशी त्या तिखट इतकं खायच्या की नाकातून पाणी यायचं, आणि ते पदराला पुसत अजून मागायच्या.

माझी आणि चुकांच्या तासाची गाठ पाण्याच्या टाकीमुळं पडली.

नववीला समरूप त्रिकोण असतात. ते बाई फळ्यावर शिकवत नसत. गावातली पाण्याची टाकी किती उंच आहे ते सावलीवरून काढा म्हणायच्या. टाकीची सावली मोजायची, एका काठीची सावली मोजायची, काठीची उंची ठाऊकच असते, मग प्रमाण मांडायचं. वर्गाचे गट पाडले. एका गटाबरोबर मला पाठवलं. "तुमचं काम एवढंच धुळेकर, पोरं रस्त्यावर जाऊ द्यायची नाहीत."

मी मराठी-इतिहासाचा माणूस. पण टेप हातात आल्यावर माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. पोरांना बाजूला करून टाकीची सावली मी स्वतः मोजली, अगदी काटेकोर. तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या शिपायानं हाक मारली. माणूस धुळ्याकडचा, आमच्या बोलीचा. गेलो. मग येऊन काठीची सावलीही स्वतः मोजली, तीही काटेकोर. गणित मांडलं. आमच्या गटाच्या हिशेबानं गावची टाकी कुतुबमिनारच्या खांद्याला लागत होती. बाकी गटांच्या टाक्या आपल्या नेहमीच्या, पाणी चढू शकेल अशा उंचीच्या.

बाईंनी आमचं उत्तर दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आमचंच बरोबर असणार.

"शनिवारी या," म्हणाल्या.

शनिवारी मी फळ्यापाशी उभा, समोर पोरं, आणि शेवटच्या बाकावर बाई. उलटतपासणी त्या दोन वेण्यांच्या मुलीनं घेतली. कविता पावरा. तिचे आई-वडील सातपुड्याच्या पायथ्याचे, केळीच्या बागांत मजुरीला इकडे येऊन राहिलेले. एरवी ही मुलगी बोलायचीच नाही. चुकांच्या तासाला मात्र तिला वाचा फुटायची.

"सर, टाकीची सावली कव्हा मोजली?"

"सकाळी सातला. शाळेच्या आधी."

"आन् काठीची?"

"त्यानंतर. जरा वेळानं."

"मधी काय केलं?"

"चहा पिलो."

"एकच?"

मी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"भजी पण आली होती," मी म्हणालो.

"म्हणजे सर," कविता अगदी गंभीरपणे म्हणाली, "तुम्ही भजी खात बसले, पण सूर्य थोडी बसला?"

वर्ग बाकांवर कोसळला. सकाळची लांब सावली टाकीची आणि भज्यांनंतरची आखूड सावली काठीची, त्यात टाकी वाढली होती. बाई म्हणाल्या, "धुळेकर, फार सुंदर चूक. दोन्ही मापं बरोबर आणि उत्तर चूक. हे सहज जमत नाही." सोमवारी मला खुर्ची मिळाली. पुढं माझे एक-दोन सत्कारही झाले, शाल-श्रीफळाचे. पण नववी ब मध्ये त्या खुर्चीत बसताना जी मान ताठ झाली होती, ती पुन्हा झाली नाही.

कविता नववीच्या शेवटाला आली तेव्हा यादी निघाली.

ही यादी अनेक शाळांत निघते, फक्त तिला कुणी यादी म्हणत नाही. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतली कच्ची पोरं आधीच वेगळी काढायची. पालकांना बोलावून समजावायचं, की सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून परीक्षेला बसवा. मग ती नापास झाली तरी शाळेच्या निकालात येत नाहीत. बहुतेक वेळा ती बसतच नाहीत. आदल्या वर्षी आमचे शंभर टक्के एका पोरानं हुकले होते. अध्यक्षांना, नानांना, ते फार लागलं होतं. शेजारच्या गावातल्या शाळेनं फाट्यावर केवढा तरी बॅनर लावला होता आणि नानांना बाजारात जाताना रोज त्याच्याखालून जावं लागायचं.

यादीत कविता होती. भाषेत बरी, विज्ञानात ठीक, गणितात काठावर.

सभेत मोठे सर म्हणाले, "मॅडम, तिचं भलंच आहे त्यात. वर्षभर घरी तयारी करेल."

"घर कुठं आहे तिचं?" बाईंनी विचारलं. "मालकाच्या केळीत पत्र्याची खोली आहे. शाळेतून नाव निघालं की दुसऱ्या दिवशी ती घड वाहायला जाणार. तयारी कसली करेल?"

"पण निकाल..."

"नानांना शनिवारी माझ्या तासाला बोलवा. त्यांनी बघावं आणि मग नाव काढावं."

नाना आले. पांढरा लेंगा, डोक्याला टोपी, चार तालुक्यांतली केळी बाहेर पाठवणारा माणूस. मी त्यांना खुर्ची दिली तर बाई म्हणाल्या, "ती झकास चुकणाऱ्याची आहे, नाना. तुम्ही मागं बसा माझ्याजवळ." नाना शेवटच्या बाकात कसेबसे शिरले. गुडघे बाहेर.

अध्यक्ष बघून वर्गाची दातखीळ बसली. कुणी उठेना. शेवटी कविताच उठली. फळ्यावर तिनं आपली चूक लिहिली. अ अधिक ब, कंसाचा वर्ग, बरोबर अ वर्ग अधिक ब वर्ग. ही चूक जगातली सगळीच पोरं करतात आणि मीही दहावीच्या पेपरात केली होती.

"मले वाटलं," ती म्हणाली, "दोघांले वर्ग पाहिजे, तर दोघांले देऊन टाकला."

"बरोबर आहे की," एक जण म्हणाला. "अन्याय कुठी केला?"

बाई जागेवरूनच म्हणाल्या, "कविता, जमीन काढ."

तिनं एक मोठा चौरस काढला. "हे शेत. ह्या बाजूला अ, पुढं ब. वरच्या बाजूलेबी तसंच." तिनं एका कोपऱ्यात अ बाय अ चा चौरस रंगवला, समोरच्या कोपऱ्यात ब बाय ब चा. "मी एवढ्यातच केळी लावली." आणि थांबली. शेतात दोन कोपरे भरलेले, दोन मोकळे.

वर्ग बघत राहिला. कुणाच्या तरी लक्षात येणार एवढ्यात मागून मोठा आवाज आला.

"अरे, ह्या दोन पट्ट्या पडीत टाकल्या की! लागवड का नाही केली इथं?"

नाना उभे राहिले होते. बाकात अडकलेले, एक हात फळ्याकडं.

"तेच ना नाना," कविता म्हणाली. तिला ते अध्यक्ष असल्याचं भान राहिलं नव्हतं. "एक पट्टी अ बाय ब. दुसरीबी अ बाय ब. दोन राहिल्या. म्हणून तिथं दोन अ ब पाहिजे."

"पाहिजेच! चांगली काळी जमीन सोडता काय?" नानांना खराच राग आला होता. मग ते हसले, आणि वर्गाची दातखीळ एकदम सुटली.

तास संपल्यावर व्हरांड्यात बाई म्हणाल्या, "नाना, ही मुलगी तुमच्या यादीत आहे."

नाना गंभीर झाले. "बाई, पोरगी हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. पण पेपर बोर्ड काढतं. तिथं कोणी शेत काढू देणार आहे का तिले?"

"देणार नाहीत. पण बसू तर द्या."

"आन् निकाल गेला तर?"

"पुढच्या मे अखेर मी निवृत्त होतेय. निकाल जाईल असं वाटलं तर माझ्या निरोप समारंभाला नारळ देऊ नका."

नानांनी केळीच्या बागेकडं बघितलं. "बसवा," म्हणाले. यादीच मागं पडली. कविताबरोबर बाकीचीही दहावीत गेली.

ते वर्ष बाईंनी कसं काढलं हे मी बघितलं. सकाळी शाळेच्या आधी, संध्याकाळी शाळेनंतर, यादीतली सगळी पोरं घेऊन बसायच्या. परीक्षा झाली. मे संपला. निकालाची वाट न बघता नाना नारळ घेऊन आलेच, आणि बाई निवृत्त झाल्या.

निकाल लागला त्या दिवसाची जबाबदारी, माझा मोबाइल नवा असल्यामुळे, माझ्यावर. वेबसाइट अडकत होती. शेवटी निकाल उघडला. मी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं, सगळे पास, आणि शाळेच्या ग्रुपवर टाकून दिलं : शंभर टक्के! नानांनी पेढे सांगितले. बॅनरवाल्याला फोन गेला. फटाकेही लागले. मग मोठ्या सरांनी विचारलं, "दुसरं पान पाहिलं ना?"

दुसरं पान होतं. त्यावर कविता होती. बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात नापास.

नानांनी मला फोन केला. "धुळेकर, बॅनर छापून झालाय. तुमच्या घरावर लावू का?" फोन ठेवताना एवढंच म्हणाले, "बाईंले तुम्ही सांगा. मले नाही होणार."

मी जळगावला बाईंच्या घरी गेलो. त्या गॅलरीत पापड वाळत घालत होत्या. सांगितलं. त्यांनी हातातला पापड नीट पसरला, त्याची घडी मोडली, आणि आत जाऊन बसल्या. मला वाटलं रडतील. त्या विचार करत होत्या.

"धुळेकर, ती पेपर पूर्ण सोडवून आली नसणार."

"का?"

"कारण तिला एक अडलेलं गणित सोडून पुढं जाता येत नाही. आणि ती सवय तिला मीच लावली. ठरल्या वेळात काय टाकायचं हे कधी शिकवलंच नाही मी. शनिवारच्या तासाला घड्याळ कुठं होतं?"

दुसऱ्या दिवशी माझ्या मोटरसायकलवर मागं बसून बाई निघाल्या. कविताचे आई-वडील सुटीत गावी परतले होते, यावलच्या पुढं, डोंगराच्या कुशीत. नापास म्हटल्यावर विषय संपला होता. एका विषयाची पुरवणी परीक्षा जुलैत देता येते, हे बापाला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा कविता अंगणात मोहाची वाळलेली फुलं निवडत होती. बाईंना बघून उठली आणि झोपडीत जाऊन बसली.

बाप खाट टाकत म्हणाला, "बाई, तुम्ही भरपूर केलं. तिच्याकडूनच नाही झालं."

"तिच्याकडून नाही, आबा," बाई म्हणाल्या, आणि दाराशी जाऊन आत ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागल्या. "कविता, या वेळची चूक माझी आहे. मी मांडते, तू सांग कशी झाली." आणि त्या दारात उभं राहून खरंच सांगायला लागल्या. कधी काय शिकवलं, काय शिकवायचं राहिलं, सगळं. जुलैतल्या पुरवणी परीक्षेचंही. मी उन्हात उभा. बाप खाटेवर बसलेला. एक कोंबडी बाईंच्या पायांतून ये-जा करत होती.

मग आतून कविता म्हणाली, "मी तिसऱ्याच गणितावर बसली होती. ते येत होतं मले. सोडून जावंसं वाटेना."

"हां," बाई म्हणाल्या. "तेच."

"मग घंटा झाली."

"पुढची येत होती?"

"बठ्ठी, सगळी येत होती, बाई." आणि तेव्हा तिला रडू फुटलं.

बापानं आमच्याकडं पाहिलं, मग आत पाहिलं. "परीक्षेचं सांगितलं ते खरं आहे का?" त्यानं मला विचारलं. मला विचारलेल्या प्रश्नाचं मी आयुष्यात पहिल्यांदाच बरोबर उत्तर दिलं. कविता संध्याकाळी आमच्याबरोबर निघाली. मोटरसायकलवर तिघं, मधे बाई, मांडीवर पिशवी. यावलला पोलिसानं अडवलं तेव्हा बाईंनी त्याच्याकडं असं काही बघितलं की तो म्हणाला, "बाई, तुम्ही? जा, जा." तो त्यांचाच विद्यार्थी होता.

महिनाभर कविता बाईंकडं राहिली. जुलैत परीक्षा दिली, पास झाली, आणि जळगावात अकरावीला गेली. शाळेचा निकाल अर्थातच कागदावर तोच राहिला. त्याचं कुणाला काही वाटलं की नाही ठाऊक नाही, पण पुढच्या वर्षी यादी निघाली नाही. नानांना विचारलं तर ते विषय बदलतात.

नंतर बाई मुलाकडं नाशिकला गेल्या. मी मधे एकदा शनिवारी नववी ब मध्ये चुकांचा तास घेऊन पाहिला. पोरं आली नाहीत असं नाही, पण मी उत्तर सांगून टाकत होतो. सांगितल्याशिवाय बसवत नाही मला. बाईंना कसं बसवत असे, कोण जाणे.

त्या जायच्या थोडं आधी मला दिसल्या होत्या. जळगावात, स्टेशनाकडं जाणाऱ्या चौकात. सिग्नल लाल होता. पुढं बाईंची स्कूटर, मागं कविता कॉलेजची पिशवी लटकवून. मी हॉर्न वाजवला, हाक मारली, पण दोघींचं काहीतरी जोरात चाललं होतं. कविता बाईंच्या खांद्यावरून हात पुढं काढून हवेत काहीतरी रेघा ओढत होती आणि ठासून सांगत होती. बाई मान हलवत होत्या. नाही, नाही. कवितानं पुन्हा ओढल्या, या वेळी सावकाश. सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षानं हॉर्न दिला, मग ट्रकनं. बाईंनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं, कपाळाला हात मारला, आणि दोघी खो खो हसायला लागल्या. सगळा चौक ओरडत होता. स्कूटर जागची हलत नव्हती.